डिब्बाच्या किनाऱ्यावर राहिलेला होकार

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. या सदरातले अनुभव मी वाचतो ते हसण्यासाठी. पिंपळाखालची बाई, लिफ्टमधला म्हातारा… वाचायचं, बायकोला दाखवायचं आणि झोपायचं. घरात देव आहेत, पण ते खातं मेधाचं, म्हणजे बायकोचं. वास्तुशांतीला मी जातो तो जेवायला. अशा माणसावर इथे लिहायची वेळ आली, याचाच मला राग येतोय.

मी मूळचा बार्शीचा. आमच्याकडे समुद्र म्हणजे नकाशावरचा निळा रंग. अठरा वर्षं झाली यूएईत, राहायला अजमानला, नोकरी साइट इंजिनिअरची. साइटवर ओरडल्याशिवाय काम हलत नाही, आणि ते ओरडणं संध्याकाळी माझ्याबरोबर घरी येतं… हे मला मान्य आहे. मुलगा अथर्व तेव्हा सतरा वर्षांचा. गेल्या दोन वर्षांत आमचं बोलणं ‘ओके’, ‘फाइन’ आणि ‘व्हॉटेव्हर’ एवढ्यावर आलं होतं. लवकरच तो शिकायला बाहेर जाणार होता. जायच्या आधी त्याला सर्फिंग करायचं होतं, आणि कुठे? तर मेक्सिकोत! तिथल्या कुठल्याशा किनाऱ्यावरच्या गावाचे व्हिडिओ तो जेवतानाही बघायचा.

मेक्सिको मला परवडणारं नव्हतं. म्हणून मी डिसेंबरातल्या लाँग वीकेंडला इथल्याच पूर्व किनाऱ्यावर, डिब्बा गावाच्या अलीकडचा एक बीच काढला. निघायच्या आदल्या दिवशी मेधाने मला स्वयंपाकघरात उभं करून सांगितलं, “हे बघ, काय वाट्टेल ते होऊ दे, या वेळी तू चिडायचं नाहीस. तो गेल्यावर त्याला तुझा आवाज फक्त ओरडतानाचाच आठवायला नको.” मी शब्द दिला. तो शब्द एवढीच त्या ट्रिपची खरी किंमत होती.

नऊ फुटी बोर्ड आमच्या गाडीवर बसेना, म्हणून आमच्या कंपनीचे स्टोअरकीपर परब त्यांची पिकअप घेऊन आले. परब वेंगुर्ल्याकडचे, साठीला आलेले, इथे एकटेच राहतात. समुद्राला जायचं म्हटल्यावर त्यांनी स्वतःहून सुट्टी टाकली. डॅशबोर्डवर एक नारळ ठेवलेला होता. मी म्हटलं, “चटणीला का?” त्यांनी तो नीट सरळ करून ठेवला.

मसाफी गावाच्या पुढे आमच्या गाडीचा टायर पंक्चर. मी चिडलो नाही. आमचा जॅक घरी राहिलेला, आणि परबांच्या पिकअपचा गाडीला लागेना. मी चिडलो नाही. बुक केलेल्या शॅलेवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या भाड्याच्या बंगलीवर, पोचलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, “सर, सिस्टम में आपका नाम नहीं आ रहा.” माझ्या हातात कन्फर्मेशनचा कागद, आणि तो कागदाकडे न बघता स्क्रीनकडे बघतोय! शेवटी जुन्या गोदामासारखी एक खोली मिळाली, तिचा एसी आत पाणी गाळत होता. बार्शीचा माणूस समुद्राला आला आणि आधी एसीने भिजला. अथर्व म्हणाला, “इट्स फाइन, डॅड.” त्या ‘फाइन’ने माझं डोकं आणखी तापलं, पण शब्द पाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बीचवर गेलो. समुद्र सपाट. लाट म्हणावी अशी एकही नाही, पाणी नुसतं काठाला चाटून जातंय. मागे उघडे डोंगर, डावीकडे पाण्यात लांब शिरलेली खडकांची सोंड, आणि आमच्याशिवाय तिथे कोणीही नाही. बोर्ड उतरवून उलटा केला तर त्याला फिनच नाही! फिन म्हणजे बोर्डाखाली मागच्या बाजूला असतो तो प्लास्टिकचा पंख. तो नसला तर बोर्ड सरळ जात नाही, वारा नेईल तिकडे फिरतो. भाड्याने देणाऱ्याने बोर्ड तसाच गुंडाळून दिला होता आणि मीही तो न उघडता आणला होता.

माझा चेहरा बघून मेधाने अथर्वला रस्त्यापलीकडच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, पाणी आणायला पाठवलं. तो गेल्यावर परब नारळ घेऊन आले.

“सायेब, कालपासून एक काम सरळ जाणा नाय. गाऱ्हाणा घालूया.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तळकोकणात कुठल्याही कामाआधी जाग्याच्या राखणदाराला असं मोठ्याने साकडं घालतात. एकजण बोलतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ असा होकार द्यायचा असतो. मी म्हटलं, “परब, ही यूएई आहे. इथे कुठला तुमचा राखणदार?”

“जागो म्हटलो की राखणदार इलोच. नाव आमका म्हायत नाय, येवढाच.”

ते पाण्याच्या कडेला उभे राहिले आणि नारळ हातात धरून त्यांनी सुरू केलं. “बा देवा म्हाराजा… ह्या जाग्याचो जो कोण राखणदार आसात, तेका ही लेकरा आज गाऱ्हाणा घालतत…”

“व्हय म्हाराजा,” मेधा म्हणाली. तिला परबांनी तिथल्या तिथे शिकवलं होतं.

“आमी परमुलखातली माणसा. काय चुकला-माकला आसात ता पदरात घी…”

“व्हय म्हाराजा.”

“ह्यो झील आज पयल्यांदा दर्यात उतारता हा. जाईत तसो तेका माघारी हाड रे म्हाराजा…”

मुलगा जातोय तसाच त्याला परत आण, एवढंच ते मागणं. मेधाने होकार दिला आणि माझ्याकडे पाहिलं. परबही थांबले, माझ्याकडे बघत. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, “खलास? झालं असेल तर मी त्या बोर्डवाल्याला फोन लावतो.” परबांनी नारळ फोडला.

अथर्व पाण्याच्या बाटल्या घेऊन आला तेव्हा हे सगळं संपलेलं होतं. फुटलेल्या नारळाचा एक तुकडा त्याने तोंडात टाकला, का फोडला ते विचारलंही नाही. लाइफ जॅकेट घालून, बोर्ड काखेत मारून तो पाण्याकडे निघाला. “लाटा नाहीत तर नुसता पॅडल करतो,” असं काहीसं इंग्रजीत पुटपुटला, म्हणजे बोर्डावर पालथं पडून हातांनी वल्हवणार. मी मान हलवली. माझ्या कानाला तेव्हा फोन होता.

आता लिहायला जड जाणारा भाग.

डोंगराकडून वारा सुटला. फोनवर ऐकू येईना म्हणून मी वर रस्त्याच्या कडेला पिकअपच्या आडोशाला गेलो. मेधा आणि परबही तिथेच स्टोव्ह पेटवायच्या खटपटीत होते, कारण खाली तो विझत होता. बोर्डवाला मला म्हणतो, “हबीबी, सी इज फ्लॅट. नो फिन, नो प्रॉब्लेम!” आणि तिथे माझा बांध फुटला. पंक्चर, जॅक, शॅले, एसी, दोन वर्षांचं ‘फाइन’… सगळं मी त्या माणसावर काढलं. हिंदीत, इंग्रजीत, मग अस्सल बार्शीच्या मराठीत. पंचवीस मिनिटं! घसा बसेपर्यंत ओरडत होतो, समुद्राकडे पाठ करून, एका वीतभर प्लास्टिकसाठी.

“अरे… अथर्व कुठाय?” मेधाचा आवाज आला.

किनाऱ्यावर नव्हता. वाऱ्याने त्याला आत नेलं होतं. खूप लांब एक पिवळा ठिपका दिसत होता, तो बोर्ड. मला पोहता येत नाही. परब गुडघाभर पाण्यात गेले आणि परत फिरले. “सायेब, वारो भायर व्हडता. माका थंयसर पोचाक जमाचा नाय.” मेधाने पोलिसांना फोन लावला. मी हाक मारायला तोंड उघडलं तर घशातून नुसती हवा आली. आयुष्यभर ज्याच्यावर ओरडलो, त्याला एक हाक मारायला आवाज शिल्लक नव्हता. मी वाळूत बसलो.

मग परब म्हणाले, “थांबा. ठिपको डावीकडे सरकता हा.”

खरंच सरकत होता. आमच्याकडे नाही, तर आडवा, खडकांच्या सोंडेच्या दिशेने. पुढची वीस मिनिटं कशी गेली ते मी सांगू शकत नाही. ठिपका खडकांमागे गेला, दिसेनासा झाला, आणि मग अथर्व खडकांवरून चालत येताना दिसला. पाय कापलेले, ओठ पांढरे, बोर्ड डोक्यावर. पोलिसांची गाडी आली तेव्हा तो मेधाच्या मिठीत होता.

परब म्हणाले, सरळ किनाऱ्याकडे हात मारत बसला असता तर वाऱ्यापुढे दमला असता. त्या सोंडेचं टोक हीच एक वाट होती. मी कसाबसा घोगऱ्या आवाजात विचारलं, “तुला कसं सुचलं रे?”

तो हसला. “डॅड, सुचलं काय? यू वेअर कॉलिंग मी! खडकांवरून. म्हणून मी आवाजाकडे पॅडल केलं. बघ, युवर व्हॉइस इज गॉन.” मग म्हणाला, “पण एकच गोष्ट परत परत का म्हणत होतास? व्हॉट डझ इट मीन… व्हय म्हाराजा?”

ज्या मुलाला ‘एकोणसत्तर’ म्हणजे किती ते सांगावं लागतं, त्याने ते दोन शब्द परबांसारखे म्हटले.

मी डोकं चालवून बघितलंय, हं. बकाला रस्त्यापलीकडे, दाराला काच, आत एसी. तिथे गाऱ्हाणं ऐकू जाणं शक्य नाही, मी नंतर जाऊन उभा राहून बघितलं. परबांच्या घरी आम्ही कधी गेलो नव्हतो, म्हणजे हे शब्द आधी त्याच्या कानावर पडले असतील असंही नाही. खडकांवर दुसरा कोणी मालवणी माणूस असेल म्हणून मी त्याच दुपारी टोकापर्यंत चढून आलो. कोणी नव्हतं, समोर एक होडीही नव्हती. आणि असता तरी? अथर्वला मी दहा वेळा विचारलं, आवाज कोणाचा होता. दहाही वेळा त्याने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. “युवर्स. मला तुझा आवाज कळत नाही का?”

परबांना बाजूला घेऊन म्हटलं, तुम्ही ओरडलात का? ते म्हणाले, “गाऱ्हाणा घालणाऱ्यान होकार देवचो नसता, सायेब. तो दुसऱ्यांनी देवचो.” मग नारळाची करवंटी पिशवीत भरत सहज म्हणाले, “तुमचोच होकार तेवढो रवललो.”

अथर्व आता बाहेर शिकतोय. दर शुक्रवारी फोन करतो आणि आम्ही चक्क अर्धा-अर्धा तास बोलतो. मागच्या आठवड्यात त्याच्या रूममेट्सना तो हीच गोष्ट सांगत होता, मी फोनवर ऐकत होतो. माझे वडील खडकावर उभे राहून घसा फाटेपर्यंत मला हाका मारत होते, म्हणून मी वाचलो, असं सांगत होता. आवाजात अभिमान होता. मी पिकअपच्या मागे होतो, हे मी त्याला आजवर सांगितलेलं नाही. मेधानेही नाही.

याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर लिहा. फक्त मला लिहा… त्याला कळू देऊ नका.