थोरलीनं वाकावं

इस्तंबूलच्या कुर्तुलुश पेठेत दिरुही बायकांचे कोट शिवायची. जन्मभर तोंडाला कुलूप लावून जगलेली आर्मेनियन बाई, पण एकोणीसशे छप्पन्न साली तिला बोलायची अवदसा आठवली. लष्करी विमान उडवणाऱ्या पहिल्या बायकांतली, शाळाशाळांत जिचा फोटो लागलेला, ती मुअल्ला हानम, म्हणजे मुअल्ला बाईसाहेब, आपली धाकटी बहीण आनुश आहे, असं ती एका गिऱ्हाइकाजवळ बोलून गेली. आईबाप एकोणीसशे पंधराच्या आर्मेनियनांच्या कत्तलीत गेले, दोघी अनाथाश्रमात पडल्या, गोऱ्यागोमट्या धाकटीला एक तुर्की अधिकारी उचलून घेऊन गेला. थोरली कुणालाच नको होती.

गिऱ्हाइकाचा नवरा निघाला बातमीदार. पेपरात आलं आणि गाव पेटलं. दिरुहीच्या दुकानाची काच फुटली. शेजारीण तोंडावर म्हणाली, "मादाम, खाता आमचं आणि लेकही आमचीच पळवता होय?"

मग अंकाराहून खुद्द मुअल्लाचा निरोप आला, भेटायला ये. दिरुही वेडी हुरळून गेली. बहिणीनं एकदा ताई म्हणावं, यापलीकडे तिला काही नको होतं. द्राक्षाच्या काकवीत बुडवलेली अक्रोडाची माळ घेऊन ती आगगाडीत बसली.

दिवाणखान्यात फोटोवाले उभे होते. मुअल्ला गणवेशात, खुर्चीत ताठ. शेजारी एक मेजर. अक्रोडाची माळ मोलकरणीनं हातातून घेतली ती आतच नेली.

"या मादाम," मेजर गोड आवाजात म्हणाला. "चुकलं म्हणा, हानमच्या हाताचा मुका घ्या. फोटो निघाला की मिटलं."

त्या मुलखात धाकट्यानं थोरल्याच्या हाताचा मुका घ्यायचा आणि तो हात कपाळाला लावायचा. थोरल्या बहिणीनं धाकटीपुढे असं वाकलेलं कुणी पाहिलेलं नाही. दिरुही वाकली, की आपण थोरली बहीण नाही हे तिनंच कबूल केल्यासारखं होणार. मेजर काही खुळा नव्हता.

"मी थोरली आहे हो," ती पुटपुटली.

"मुलगा फौजेत आहे ना तुमचा? पूर्वेच्या सरहद्दीवर पाठवतात कधी कधी. थंडीत पोरं हाती लागत नाहीत बघा."

दिरुहीनं बहिणीकडे पाहिलं. मुअल्ला खणखणीत तुर्कीत फोटोवाल्यांना म्हणाली, "मी तुर्काची लेक. या बाईला मी ओळखत नाही. डोकं फिरलंय बिचारीचं." आणि तिनं हात पुढे केला.

पोराचा चेहरा डोळ्यांपुढे आणून दिरुही वाकली. ओठ टेकले. तेवढ्यात मुअल्लानं मान खाली घातली आणि आईच्या भाषेत, त्यांच्या गावच्या हेलात, फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाली,

"कपाळालाही लाव, ताई. फोटो नीट यायला हवा."

दिरुहीनं लावला.