दगडांसमोर हलगी

कार्यक्रमाआधी जाळावर हलगी शेकताना चामड्याचा वास सुटला, की मला शिवाजी पेठेतली एक संध्याकाळ आठवते. दोन तालमींच्या संघांमधला फुटबॉलचा सामना संपला होता आणि दोन्हीकडची पोरं हातात दगड घेऊन रस्त्यावर समोरासमोर उभी होती. तेवढ्यात माझे वडील, आबा, हलगी वाजवत मधे शिरले.

“मारायचाच आसंल, तर आदी हिच्यावर मारा!” ते ओरडले.

कुणीच मारला नाही. आबा वाजवत राहिले, आणि हळूहळू पोरांच्या हातातले दगड गळून पडले.

तेव्हा मला आबा निर्भय वाटले होते. आज स्वतः वाजवताना मात्र आठवतं, घरी आल्यावर त्यांनी पाण्याचा आख्खा तांब्या एका दमात रिकामा केला आणि लगेच दुसरा मागितला.

“आबा, भ्या न्हाय वाटलं?” मी विचारलं होतं.

“लई वाटलं. पर दोन्हीबी बाजूची पोरं माज्याच हलगीवर नाचल्यात की.”