दोरीवरचे हजेरी मास्तर

“कायद्यान बघूक गेला तर तुमचेर खटलोच भरूक व्हयो,” असं म्हणून हजेरी मास्तर उजवा हात पुढे करीत. तो हात सुपारीसाठी असे. घरधनी सुपारी देई, ते ती अडकित्त्याने बारीक कातरत बसत आणि खटला पुढच्या भेटीपर्यंत तहकूब होई.

सरकारी माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील. काही दारात आल्याबरोबर खुर्ची मागतात, काही खुर्ची दिसेपर्यंत उभे राहतात. आमचे हजेरी मास्तर ओटीच्या पायरीवर बसत, छत्री मांडीवर आडवी ठेवत आणि पाणी प्यायल्याशिवाय कामाचं बोलत नसत. त्यांचं काम असं की, सहा ते अकरा वर्षांचं जे मूल शाळेत नाही ते शोधायचं, त्याच्या आईबापांना नोटीस द्यायची आणि तरीही मूल आलं नाही तर आईबापांना कोर्टात उभं करायचं. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आमच्या किनाऱ्यावर पोचला तो या छत्रीच्या रूपाने.

मी तेव्हा तारकर्लीच्या अलीकडच्या एका वाडीत शिक्षक होतो. शाळा माडांच्या बागेत, आणि बाग संपली की पुळण. शाळेचा खरा शत्रू गरिबी किंवा अज्ञान होता असं भाषणांत सांगत. मला विचाराल तर तो खिडकीतून दिसायचा. तो म्हणजे रापण. होडीतून लांबच लांब जाळं समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून सगळ्या वाडीने मिळून ओढायच्या. दोरीला जो हात लावील त्याला मासळी, पोर असो की म्हातारा. पुळणीवरून हाळी आली की माझा तिसरीचा वर्ग दरवाज्यातून जाई आणि चौथीचा खिडकीतून. फळ्यावर अर्धा गुणाकार आणि माझ्या हातात खडू, एवढीच शाळा उरे.

हजेरी मास्तर धामापूरचे. तळ्याकाठचा माणूस, मासे न खाणारा. समुद्राच्या वाऱ्याने त्यांचं डोकं चढे. तरी ते पहिल्याच महिन्यात रजिस्टर घेऊन पुळणीवर उतरले आणि दोरीच्या कडेने चालत एकेकाचं नाव पुकारू लागले. पोरं ओढता ओढता “हजर!” म्हणत. नावं घेऊन होईपर्यंत जाळं किनाऱ्याला लागलं. मला वाटलं, आता हे सगळ्यांना हजर मांडणार आणि वरती अहवाल छान जाणार. पण त्यांनी एकेकापुढे गैरहजर लिहिलं.

“गुरुजी, हजर म्हणान वराडले ता खरां,” ते मला म्हणाले, “पण रजिस्टरात खोटां कसां लिवतलंय?”

यामुळे सगळ्या तालुक्यात सर्वांत वाईट हजेरी आमच्या शाळेची, हे त्यांच्याच अक्षरात कायम नोंदलेलं राहिलं. शेजारच्या शाळांची हजेरी उत्तम होती. तिथेही रापण होती, पण तिथल्या रजिस्टरात ती दिसत नसे.

नोटिशींचं काय झालं तेही सांगतो. हजेरी मास्तर नोटीस आधी पुस्तकी मराठीत खड्या आवाजात वाचत, मग तिचा अर्थ मालवणीत समजावीत. समजावताना तिची धार जाई, आणि उरे तो शिक्का. असा गोल, जांभळा, सरकारी शिक्का वाडीत कुणाच्या घरी आला नव्हता. लोकांनी नोटिशी देवाच्या तसबिरीशेजारी भिंतीला चिकटवल्या. रापणीच्या तांडेलाकडे, म्हणजे म्होरक्याकडे, तीन होत्या आणि पाहुण्यांना तो त्या दाखवी. एकदा तर एक बाई शाळेत येऊन माझ्याशी भांडली. “सगळ्यांका कागद इलो, आमच्याच झिलाक कित्याक नाय? तो काय कमी दांडये मारता?”

मास्तरांनी हे ऐकलं आणि पिशवीतल्या उरलेल्या नोटिशी बांधून ठेवल्या. मग त्यांनी वरती एक लांबलचक पत्र लिहिलं. या किनाऱ्यावर रापण ज्या वेळी लागते ती वेळ सोडून शाळा भरवावी, कधी सकाळी लवकर, कधी दुपारी, म्हणजे मुलंही येतील आणि मासळीही. चार महिन्यांनी उत्तर आलं. शाळेची वेळ अकरा ते पाच ही सबंध जिल्ह्यास लागू असून एका शाळेसाठी ती बदलता येत नाही, आणि समुद्राच्या वेळा बदलण्याबाबत संबंधित खात्याशी पत्रव्यवहार करावा, अशा अर्थाचं. लिहिणाऱ्याने थट्टा केली होती की मनापासून लिहिलं होतं, यावर आम्ही दोघांनी एक अख्खी दुपार घालवली. शेवटी मास्तर म्हणाले, “कायद्यान बघूक गेला तर समुद्र आपल्या हद्दीत येना नाय.” आणि पत्र फायलीला लावलं.

त्याच हिवाळ्यात जिल्ह्याहून एक मोठे साहेब शिक्षणाच्या प्रचाराला आले. पुळणीवर मांडव, माडाच्या झावळ्यांची कमान, दोघांनी धरलेल्या फलकावर ‘विद्या हेच धन’. साहेबांनी प्राचीन काळापासून सुरुवात केली. ते अर्वाचीन काळात येतायत तोच मागून हाळी आली. आधी पोरं गेली, मग बायका, मग फलक धरलेले दोघे फलकासकट. साहेब डोळे मिटून बोलणाऱ्यांपैकी होते, त्यामुळे त्यांना हे जरा उशिरा कळलं. डोळे उघडले तेव्हा समोर मी होतो, आणि त्यांच्या डोक्यावर छत्री धरून हजेरी मास्तर. “भाषण चांगलां झाला, सायबानूं,” मास्तर गंभीरपणे म्हणाले. “वाऱ्यान किनाऱ्याभर ऐकाक गेला आसतला.”

पण या माणसाबद्दल लिहायला बसलो ते शेवंतीमुळे.

शेवंती सातवीत होती. किनाऱ्यावरच्या घरांतून सातवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. सातवीची फायनल झाली तर शिक्षिका होता येत होतं, नाही झाली तर डोक्यावर माशांची पाटी ठरलेली. तिचा बाप दोन वर्षांपूर्वी समुद्रात गेला होता. रापणीत त्याचा कायमचा वाटा होता, हात लावणाऱ्याला मिळे त्या मूठभर मासळीहून मोठा, आणि वाडीचा नेम असा की, मेलेल्याचा वाटाही चालू राहतो, पण घरचं माणूस दोरीवर उभं राहिलं पाहिजे. लागोपाठ तीन वेळा दोरी चुकली की त्या हंगामापुरता वाटा बंद. नेम कडक होता, पण त्याच नेमाने त्या घराला दोन वर्षं जगवलं होतं. आई आणि शेवंती आळीपाळीने दोरी धरत. फायनलच्या आदल्या महिन्यात आईच्या पायात वागळी माशाचा विषारी काटा गेला. पाय फुगला, पिकला. तिला उभं राहवेना, पाटी घेऊन बाजारात जाववेना. घर सगळं त्या वाट्यावर आलं.

आणि परीक्षा मालवणात, तीन दिवस.

“माका नाय येवचा, गुरुजी,” शेवंतीने मला सांगितलं. रडली वगैरे नाही. पुस्तकं मात्र परत आणून माझ्या टेबलावर ठेवली. हजेरी मास्तर बाकावर सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता मिटला.

दुपारी त्यांनी रजेचा अर्ज लिहायला घेतला. तीन दिवसांची किरकोळ रजा. नाव, हुद्दा, तारखा, सगळं झालं. ‘कारण’ या शब्दापुढे टाक थांबला.

“घरगुती काम असं लिहा,” मी म्हणालो.

“घर माझा धामापुराक. थंय काय काम आसा?”

“मग आजारी लिहा.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे सुचवायचं बंद केलं. जागा कोरी ठेवून त्यांनी अर्ज खिशात घातला.

संध्याकाळी आम्ही पुळणीवर गेलो. तांडेल आणि चार गडी जाळं शिवत बसले होते. मास्तर त्यांच्यासमोर वाळूत बसले आणि एकदम मुद्द्यावर आले. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“शेवंतीच्या जाग्यार तीन दिवस मी उभो रवतंय.”

गडी हसायला लागले. एक म्हणाला, “मास्तरानूं, दोरी हा ती. रजिस्टर न्हय!”

तांडेल हसला नाही. “तुमका धरूक येता की नाय, तो प्रश्न नाय. घरचो माणूस व्हयो. आज तुम्ही उभे रवलास, उद्या कोण बाजारातलो गडी उभो करीत. मगे नेम रवलो खंय?”

आता मास्तर वाद घालतील असं मला वाटलं. मी स्वतः दोन मुद्दे तयार ठेवले होते. पण ते मान हलवून म्हणाले, “तांडेल म्हणता ता बरोबर आसा.” आणि छत्री उचलून उठले. दुसऱ्याचा कायदाही त्यांना कायदाच वाटे.

तेवढ्यात पालथ्या होडीपलीकडून काठी टेकत शेवंतीची आई आली. तिने सगळं ऐकलं असावं. पायाला पाल्याचा लेप, त्यावर फडकं.

“हो माझो भाव,” मास्तरांकडे बोट दाखवत ती तांडेलाला म्हणाली.

“कोण? हजेरी मास्तर?”

“हो.”

“कधीपासना गो?”

“आत्तापासना. तुका काय मुहूर्त काढून व्हयो?”

गडी पुन्हा हसले, पण निराळे हसले. तांडेलाने जाळं खाली ठेवलं. “काय ओ मास्तर? ही सांगता ता खरां?”

ज्या माणसाने उभ्या जन्मात एका पोराला खोटं हजर मांडलं नव्हतं, त्याला हा प्रश्न. मास्तरांनी त्या बाईकडे पाहिलं, तिच्या पायाकडे पाहिलं.

“व्हय,” ते म्हणाले. “थोरलो.”

“मगे उद्या ये,” तांडेल म्हणाला. तोवर तो त्यांना अहोजाहो करीत होता.

मास्तर होडीच्या पाठीवर टेकले, खिशातून अर्ज काढला, माझं पेन मागून घेतलं आणि कोऱ्या जागी लिहिलं : भाचीची परीक्षा. दुसऱ्या दिवशी तो अर्ज मीच मालवणात कचेरीत दिला.

मी परीक्षार्थींबरोबर होतो, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांचं मला जे कळलं ते ऐकीव. पहिल्या दिवशी मास्तर धोतराचा काचा मारून, टोपी डोक्यावर तशीच ठेवून दोरीला लागले. ओढायच्या वेळी सोडत आणि सोडायच्या वेळी ओढत. “हातान नको ओढू, कमरेन ओढ!” म्हणून म्हातारे त्यांच्यावर ओरडले. तळहात सोलले, तेव्हा कुणीतरी खोबरेल लावलं. त्यांच्या वाट्याला आलेली मासळी ते हात लांब करून, तोंड फिरवून बहिणीच्या दारी नेऊन ठेवत.

आणि शाळेत त्या तीन दिवसांत कधी नव्हे एवढी हजेरी झाली. हजेरी मास्तर स्वतः दोरीवर उभे. त्यामुळे ते नक्की भेटणार नाहीत अशी वाडीत एकच जागा उरली होती, ती म्हणजे शाळा. माझ्या मागे शाळा सांभाळणारे एकटे धाकटे गुरुजी एवढी पोरं पाहून घाबरले.

तिसऱ्या दिवशी पेपर लवकर सुटला. आम्ही मालवणहून किनाऱ्याने चालत आलो तेव्हा जाळं अजून पाण्यात होतं. शेवंती पुढे पळाली. पाटी-पुस्तकं वाळूत टाकली आणि मास्तरांच्या पाठीमागे जाऊन दोरी धरली. त्यांना मागे कोण आलं ते वळून पाहायची सोय नव्हती. पण दोरी हलकी झाली की कळतं म्हणतात.

“पेपर कसो गेलो?” त्यांनी पुढे बघतच विचारलं.

“बरो गेलो.”

“गणित?”

“ता पण बरां गेला. एकच चुकला.”

“मगे ओढ,” ते म्हणाले.

मे महिन्यात त्यांची बदली झाली, वेंगुर्ल्याच्या बाजूला. निरोपसमारंभ, हार, पानसुपारी, काही नाही. ते छत्री घेऊन आले तसे छत्री घेऊन गेले. पुढे त्यांची माझी भेट झाली नाही. आमच्या शाळेवर नवे हजेरी मास्तर आले, ते हुशार होते. सहा महिन्यांत आमची हजेरी शेजारच्या शाळांइतकी उत्तम झाली, आणि माझा वर्ग पूर्वीसारखाच खिडकीतून जात राहिला.

फायनलचा निकाल लागला, शेवंती पास झाली, तेव्हा मास्तर इथे नव्हते. मी कार्ड टाकणार होतो. शेवंतीची आई म्हणाली, “कार्डार कित्याक? माझो पाय आता बरो आसा.” निकालाचा कागद पदरात बांधून ती निघाली. मिळेल त्या होडीने, मिळेल त्या गाडीने, आणि उरलेलं चालत. दुसऱ्या दिवशी परतली तेव्हा मी मुद्दाम तिच्या अंगणात गेलो.

“काय म्हणाले मास्तर?”

“म्हणतले काय? ओटयेर चार माणसां बसली होती. मोठी, कोटातली. माका बघून एकान इचारल्यान, मासळी इकूक इलंस काय गो, मागल्या दारान जा.”

“मग?”

तिने पदरातून कागद काढून त्याची पुन्हा एकदा नीट घडी केली.

“मगे मास्तर उठले, आणि घरात बघून बायलेक हाक मारल्यानी, ‘अगो, पाट मांड. माझी भयण इली.’”