टाच उचलून उभा राहणारा वेल्डर

सासरे वेल्डर. सोमवारी त्यांचा कारखान्यातला शेवटचा दिवस होता. निरोपाला दाखवायची फिल्म सुनेनेच करावी, असं साहेबांनी सांगितलं, कारण लग्नाच्या फिल्मा कापण्या-जोडण्यात तिचा हात बसलेला. वर्षानुवर्षांच्या क्लिपा त्यांनी घरी पाठवून दिल्या.

तिचं सॉफ्टवेअर चेहरा ओळखून ज्याच्या त्याच्या नावाचा टॅग लावायचं आणि क्लिपा वेगवेगळ्या कप्प्यांत टाकायचं. रविवारी सकाळी तिने ते चालवलं. साहेबांचा कप्पा ओसंडून वाहिला. सासऱ्यांच्या कप्प्यात मोजक्याच क्लिपा, त्याही कँटीनमधल्या.

सासरे मागे येऊन उभे राहिले.

"जन्मभर लोखंड जोडलं आणि फिल्ममध्ये मी नुसता खातोय?"

"बाबा, शोधते अजून."

"राहू दे पोरी. चावतोय तरी नीट." हसले खरे, पण दुपारी अर्धं ताट तसंच ठेवून उठले.

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. कामावर बाबांच्या तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा असणार. चेहरा दिसलाच नाही, तर सॉफ्टवेअर ओळखणार काय? चेहरा न सापडलेल्या क्लिपांना ते दिसेल त्या गोष्टीचा टॅग लावायचं. तिने 'आग' असा टॅग असलेला कप्पा उघडला. सगळे मुखवटेवाले, सगळे एकसारखे. खाली दुसरा टॅग: 'माणूस नाही'.

"माणूस नाही म्हणे!" सासूबाई धुणं टाकून स्टूल ओढून बसल्या. "दाखव एकेक."

"हा?"

"छे! हा कसा पोत्यासारखा उभा."

"हा?"

"थांब! हेच ते. उजवी टाच बघ, वर आहे. टाचेखाली कुरूप आहे ना त्यांच्या. दाढी करतानाही असेच उभे राहतात."

मग सून नुसते पाय बघत गेली. 'बाबा' हा टॅग तिने एकेका क्लिपला हाताने लावला. मान अवघडली, पण एकही क्लिप न बघता सोडली नाही.

एकीत ठिणग्या कॉलरमधून आत शिरत होत्या. हात जागचा हलला नाही. जोड पुरा झाल्यावरच त्यांनी मान झटकली.

सासूबाईंचा आवाज उतरला. "शर्टाला भोकं पाडून आणतात म्हणून किती बोलले गं मी."

संध्याकाळी सासऱ्यांनी नुसत्या कामाच्या क्लिपांची फिल्म पाहिली. "झकास. पण माझा चेहरा कुठाय?"

"चेहरा काय, रोजच बघते," सासूबाई म्हणाल्या. "काम बघायचं राहिलं होतं. सूनबाई, लाव पुन्हा."