टोनआर्मला लावलेला शाडू

रोह्याला कंपनीत नोकरीला होतो तेव्हा एका टोनआर्मनं मला पार वेडं केलं होतं. रेकॉर्ड प्लेअरचा जो दांडा सुई घेऊन तबकडीवर फिरतो, तो टोनआर्म. माझा मोडला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मित्रानं दोन जुने दांडे हातात ठेवले, म्हणाला, बघ, आवडेल तो घे. एक सरळ, शाळेच्या पट्टीसारखा, मागच्या वजनासकट. दुसरा नागमोडी, चकचकीत, थेट गणपतीची सोंड! फक्त मागचं वजन हरवलेलं. आता तुम्हीच सांगा, मी कुठला उचलणार?

"अहो, मागे वजन नसेल तर सुई रेकॉर्ड नांगरून काढेल," बायको म्हणाली. तिचं बरोबर होतं, म्हणून मी जास्तच भडकलो.

कारण लावायची होती सासूबाईंची रेकॉर्ड. लग्नाआधी मुंबईत त्या एका गाण्याच्या कोरसमध्ये गायल्या होत्या. शेवटचा सूर त्यांनी बाकीच्या थांबल्यावरही लांबवला, म्हणून बोलणी खाल्ली. मग त्यांना बाहेर बसवून गाणं पुन्हा घेतलं. रेकॉर्डवर त्यातलं कुठलं गेलं, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. पुढे पेणला सासरी आल्या, गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखू लागल्या, पण ते काही मनातून जाईना. ती रेकॉर्ड मी कुठून कुठून शोधून मिळवली होती. तिला ओरखडा पडला असता तर संपलंच.

प्लेअर, दोन्ही दांडे, रेकॉर्ड, सगळं गाठोडं घेऊन आम्ही पेण गाठलं. कारखान्यात शाडूला काय तोटा? ओला गोळा दांड्याच्या मागे थापला, चिमटी चिमटी काढत गेलो, आणि सुई अशी अलगद टेकली म्हणता! एक भंगार रेकॉर्ड लावून पाहिली, झकास वाजली. मी मूर्तींच्या मधून नाचत सुटलो.

"जावयांना बाप्पा पावला वाटतं," सासूबाई हसल्या. त्यांची रेकॉर्ड सकाळी निवांत ऐकायची ठरली.

सकाळी मी ऐटीत ती लावायला गेलो, तर बायकोनं हातातून काढून घेतली. "आधी भंगार." लावली. खर्रर्र! शाडू रात्रीत वाळून हलका झालेला, आणि सगळा भार सुईवर. शाडू वाळला की वजन उतरतं, हे त्या घरात पोराटोरांना ठाऊक, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात येऊ नये? हसून हसून पोट दुखायला लागलं. मी मुकाट सरळ दांडा बसवला.

गाणं सुरू झालं. सासूबाई तोंडाला पदर लावून बसलेल्या. कोरस आला, चढला, सगळ्या मुली एकदम थांबल्या. आणि एक आवाज तसाच पुढे गेला, बिनधास्त, एकटाच.

सासूबाई ताडकन उठल्या, लेकीचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलंन तिला.

"मीच ती! काढलं नाय गो मला, काढलं नाय!"