पहिला मणका, दुसरा मणका

दवाखान्यातले केसपेपर फाइलला लागतात, एक्स-रे पेशंट घरी घेऊन जातात. किस्से मात्र कुणीच नेत नाही! ते सगळे माझ्याकडेच साठले. अजूनही कुणी गुडघ्यावर हात टेकून उठताना दिसलं की मला एखादा आठवतो, मी एकटीच हसते आणि शेजारच्याला वाटतं, बाईंना काहीतरी झालंय.

मी फिजिओथेरपिस्ट. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्याहून नारायणगावला आले, तेव्हा हा शब्द उच्चारायच्या भानगडीत कुणी पडलंच नाही. माझं नाव पडलं 'शेकवाल्या ताई'. एसटी स्टँडमागे एका खोलीत माझं काम चालायचं. एक कॉट, एक शेकाचं मशीन, दारात लांब बाक आणि कमलमावशी. मावशी झाडलोट करायच्या, शेकाच्या पिशव्या गरम करायच्या आणि बाकावरच्या पेशंटना माझ्या आधी निदान सांगून मोकळ्या व्हायच्या.

*

पहिला किस्सा राजुरीच्या विठ्ठल मिस्त्रींचा. मिस्त्री सुतार. कोपराचं हाड मोडलं होतं. प्लास्टर निघालं, पण हात काही पुरता सरळ होईना. किती अंश वाकडा राहतो ते मोजायला मी कोनमापक काढला. दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या, मध्ये एक खिळा. एक पट्टी दंडावर ठेवायची, दुसरी मनगटाकडे.

मिस्त्री हसायलाच लागले. "ताई, हा तर आमचा कोन बघायचा गुण्या! तुमी आमच्याच धंद्यातल्या की!"

मी म्हटलं, कोपर म्हणजे बिजागरीच आहे, तेव्हा तसंच समजा.

पुढच्या खेपेला मिस्त्री स्वतःचा गुण्या घेऊन आले. सागवानाचा, पॉलिश केलेला, ब्लेडनं अंश कोरलेले. "ताई, माझ्यानं अठ्ठावीस भरतंय. तुमी गेल्या वक्ताला तेवीस लिवलंय."

मी माझा लावला. तेवीस. पुन्हा लावला. सव्वीस! मिस्त्रींनी तो माझ्या हातातून घेतला, कानाशी नेऊन हलवला. आतला खिळा खुळखुळत होता.

"ताई," ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "आदी तुमच्या सांध्याला औषध द्या!"

कोपर बरं झाल्यावर त्यांनी तो सागवानी गुण्या मला देऊन टाकला. पुढे कितीतरी वर्षं माझ्या खोलीत तोच चालला.

*

एका शेतकऱ्याची बोटं इंजिनाच्या पट्ट्यात सापडली होती. जखम भरली, पण मूठ मिटेना. मी सांगितलं, रोज तीस वेळा मूठ मिटायची, उघडायची. सकाळी दहा, दुपारी दहा, संध्याकाळी दहा.

आठवड्यानं ते आले. मूठ होती तशीच.

"व्यायाम केला नाही तुम्ही."

"केला की! एक दिस चुकला न्हाई. रोज तीस!"

मला शंका आली. "कसा केला?"

"सकाळचं दहा म्या. दुपारी म्या रानात असतो, तवा धाकल्या भावानं. सांच्याला मंडळींनी. आमच्यात समदी कामं वाटूनच व्हत्यात, ताई."

धाकटा भाऊ बरोबर आलेला होता. त्यानं पुढे होऊन मूठ मिटून दाखवली. एकदम पक्की!

*

हिराबाई द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायकांच्या टोळीच्या पुढारी. मांडवाखाली उभं राहून दिवसभर हात वर. त्यांचाच खांदा आखडला. खांद्याला उखळीचा सांधा म्हणतात. अंगातला सगळ्यात मोकळा सांधा, पुढे जातो, मागे जातो, गोल फिरतो. पण एकदा रुसला की महिनोन्‌महिने ऐकत नाही.

मी त्यांना भिंतीचा व्यायाम दिला. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटांनी भिंत चढत जायचं आणि जिथे हात थांबेल तिथे खडूनं खूण करायची. पंधरा दिवसांत त्यांच्या घरच्या भिंतीवर खूण वीतभर वर गेली. पण कॉटवर झोपवून मोजलं, तर हात होता तिथेच! मला काही उलगडेना. म्हटलं, इथे करून दाखवा.

हिराबाई भिंतीला भिडल्या. बोटं चढायला लागली. मी खांद्याकडे डोळे लावून बसले होते. मागून कमलमावशी म्हणाल्या, "ताई, वर काय बगताय? टाचा बगा!"

टाचा चार बोटं उचललेल्या, कंबर कलंडलेली, खांदा कानाला टेकलेला. आमच्याकडे याला चोरी म्हणतात. एक सांधा हलेना की शेजारचे चार जण त्याचं काम गुपचूप उरकतात, आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

मी तसं बोलून गेले आणि हिराबाईंना तो शब्द फार लागला. "आजवर कुणाच्या बागंतला एक मणी तोंडात टाकला न्हाई म्या. आन तुमी चोरी म्हणता?"

मला फार ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, "अहो, तुम्ही नाही केली. टाचांनी केली."

दुसऱ्या दिवसापासून हिराबाई भिंतीसमोर पाट टाकून, त्यावर बसून व्यायाम करायला लागल्या. टाचांकडे बघून म्हणायच्या, "आता कर म्हणावं चोरी!"

*

सुषमा आली तेव्हा तिच्या मानेला पट्टा होता. अवसरीच्या कॉलेजात डिप्लोमाला होती, मेकॅनिकलला. तिच्या वर्गात मुली तीनच! राजुरीला घरी जाताना जीपच्या ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि मानेला हिसका बसला. हाड शाबूत होतं. डॉक्टरांनी तीन आठवडे पट्टा सांगितला आणि माझ्याकडे पाठवलं.

बरोबर तिचे वडील, आप्पा. टोमॅटोचं रान, हातात कायम एक पिशवी. आप्पा म्हणजे कुणाचं मन मोडायचं नाही असा माणूस. काहीही विचारा, त्यांची मान डाव्या खांद्याकडे कलायची आणि तोंडातून यायचं, "बघू."

सुषमाला मशीनची नजर होती. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "ताई, मानेत नक्की कुठला सांधा फिरतो?"

असं विचारणारा पेशंट मला वर्षात एखादा भेटतो. मी हातातलं काम सोडून सांगायला बसले. कवटी पहिल्या मणक्यावर टेकलेली असते. तिथे डोकं पुढे-मागे डुलतं. 'हो' म्हणतो ते तिथून. दुसऱ्या मणक्याला वर एक खुंटी असते आणि पहिला मणका तिच्याभोवती फिरतो, जात्याची वरची तळी खुंट्याभोवती फिरते तसा. 'नाही' म्हणतो ते मुख्यतः तिथून.

"आणि आप्पा करतात ते?" तिनं लगेच विचारलं. "बघू म्हणतात ते?"

"ते या दोन्हींतून नाही. मान कलते ती खालच्या मणक्यांमधून."

कमलमावशींनी शेकाची पिशवी खाली ठेवली. "म्हंजी व्हय-न्हाई वर, आन बघू खाली?"

झालं! सगळा बाक कामाला लागला. हिराबाई मानेमागे बोटं लावून 'हो, हो' करताहेत, मिस्त्री 'नाही, नाही' करताहेत, मूठवाले दोघे भाऊ एकमेकांची मान धरून बघताहेत. तेवढ्यात एक नवीन पेशंट दारात आला. त्यानं विचारलं, "शेकवाल्या ताईंचा दवाखाना हाच का?" निम्मा बाक 'हो' करत होता, निम्मा 'नाही'! तो क्षणभर थांबला आणि आल्या पावली परत गेला.

सुषमा हसून म्हणाली, "आमच्या आप्पांची खालचीच हालती, ताई. वरचे दोन मणके नवे कोरे असतील!"

सगळे आप्पांकडे वळले. आप्पा लाजले. मान खांद्याकडे कलली.

*

बाकावर एक रिटायर गुरुजीही असायचे. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. सकाळी विहारात वंदनेला गुडघे टेकून बसायचे, ते आता जमत नव्हतं, आणि तेवढं परत यावं एवढीच त्यांची मागणी होती.

एकदा मी त्यांचा गुडघा वाकवून, पाऊल धरून, नडगी हलकेच आत-बाहेर फिरवली. गुरुजी ताडकन उठून बसले.

"हे काय? हा फिरतो?"

"वाकलेला असला की थोडा फिरतो. सरळ असला की नाही."

"अहो, पण बिजागरीचा सांधा फक्त एकाच दिशेत हलतो! तीस वर्षं फळ्यावर लिहिलंय मी!" त्यांनी चष्मा काढून पुसला. "तीस वर्षं अर्धवट शिकवलं."

मी म्हटलं, पुस्तकातच तसं होतं, तुमचा काय दोष. त्यांचं समाधान झालं नाही. पुढे कमलमावशींनी बातमी आणली. गुरुजी स्टँडवर उभे राहतात. जुना विद्यार्थी दिसला की त्याला थांबवतात, पाराच्या कट्ट्यावर बसवतात आणि त्याचा गुडघा वाकवून म्हणतात, "दुरुस्ती करून घे!"

एक कंडक्टर तर बस सोडून बसला होता म्हणे!

*

सुषमाचे तीन आठवडे झाले, चार झाले, पाच झाले. पट्टा काही निघेना. मी मोजलं तर मान सगळीकडे छान जात होती. मी रागावले. पट्टा जास्त दिवस ठेवला की मानेचे स्नायू आळशी होतात, मग खरंच दुखणं लागतं.

"ताई, एक रविवार द्या फक्त," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. पट्टा असतानाच एक स्थळ येऊन गेलं होतं. बघायला आलेल्या लोकांपुढे मुलीनं मान खाली घालून बसायचं, ही रीत. हिची मान खालीच जाईना!

"याआधी दोनदा पाव्हणे आले, तवा मी नुसते त्यांच्या पायमोज्यांचे रंग बघितले. या खेपेला पहिल्यांदा माणसांची तोंडं बघितली, ताई. मुलाला काय विचारलं तरी त्याचा काकाच बोलत होता. मान वर असली की किती काय काय दिसतं!"

ते स्थळ जुळलं नाही. आता रविवारी दुसरं येणार होतं. त्यांचा निरोप आधीच आला होता, लग्न वैशाखात, आणि पुढे कॉलेज नको. तिची अजून दोन वर्षं राहिली होती. आप्पा निरोप आणणाऱ्याला म्हणाले होते, "बघू." आणि लग्नाच्या बोलण्यात मुलीच्या बापाचं 'बघू' लोक 'हो' म्हणूनच धरतात.

"मला त्यांना समोर विचारायचंय, कॉलेज पुरं करू द्याल का. मान खाली घालून बोललं की आवाजच निघत नाही, ताई."

मी हनुवटी छातीला टेकवून तिच्या पुस्तकातली एक ओळ वाचून बघितली. खरंच, गळा आवळल्यासारखा आवाज येतो! एवढी वर्षं माना मोजल्या, हे कधी लक्षात आलं नव्हतं.

पण पट्टा मी काढलाच. म्हटलं, "मान वर धरायला तुझे स्नायू आहेत. पट्टा नको." ती रडवेली झाली आणि मलाही वाईट वाटलं. पण चुकीचा उपचार मी कसा चालू ठेवणार?

शनिवारी आप्पा एकटेच आले. "ताई, उद्या तुमी या राजुरीला. पाव्हण्यांनी पट्ट्याचं ऐकलंय. पोरीच्या मानंत काय खोट न्हाई, एवढं तुमी सांगा."

*

रविवारी मी गेले. पाव्हणे सातजण. मुलगा, त्याचे मामा, काकी आणि बाकीचे. पोहे आले. मागोमाग सुषमा आली, पाटावर बसली. पट्टा नव्हता. मान सरळ होती.

पाच मिनिटं झाली, मान सरळच. काकींनी माझ्याकडे वळून विचारलं, "डॉक्टरीणबाई, पोरीची मान खाली जात न्हाई का वो अजून?"

मी तोंड उघडणार तोच सुषमानं हनुवटी छातीला टेकवली. मग छताकडे बघितलं. मग डावीकडे, उजवीकडे, दोन्ही खांद्यांकडे. माझ्याकडे शिकली होती त्याच क्रमानं, सावकाश.

"सगळीकडं जाती, काकी," ती म्हणाली. "आता जरा समोर ठेवते. मला ह्यांना एक विचारायचंय. माझं दोन वर्षं कॉलेज राहिलंय. तेवढं पुरं करून मग लग्न केलं तर चालेल का?"

मुलानं पोह्यांच्या बशीत बघितलं. मामा हसले. "अगं, आमच्याकडं काय कमी हाय? कॉलेज कशाला? ते वैशाखातच उरकायचं, आप्पांशी बोलणं झालंय आमचं." आणि ते आप्पांकडे वळले. "काय आप्पा, बरोबर ना?"

खोलीत सगळे आप्पांकडे बघायला लागले. सुषमाही. मी सवयीनं त्यांच्या डाव्या खांद्याकडे बघत होते.

आप्पांनी हातातली बशी खाली ठेवली. खांदे हलले नाहीत. मान हलली.

दुसऱ्या मणक्यावर. एकदा पुरी डावीकडे, एकदा पुरी उजवीकडे.