रसबाळ्याचा मुद्देमाल

ती केस मी विसरलो, असं बरीच वर्षं म्हणत आलो. कोणी जुन्या केसेस सांगा म्हटलं की खुनाची सांगायचो, दरोड्याची सांगायचो. केळीची कधी सांगितली नाही. पण आठवते ती हीच. नावं कोणाचीच लिहीत नाही, पोलीस ठाण्याचंही नाही. म्हैसूरजवळचं, वरुणा भागातलं एक गाव, एवढं पुरे.

सकाळची हजेरी झाली होती. गस्तीवरून आलेले जवान बंदुका जमा करत होते. तेवढ्यात साठीच्या एक बाई स्कूटर लावून आत आल्या आणि कोणी बसा म्हणायच्या आत बसल्या. हायस्कूलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. घरची जमीन होती, त्यावर रसबाळ्याची बाग होती.

रसबाळे हे आमच्याकडचं केळं. लहान, पातळ सालीचं, पिकलं की घरभर वास. पूर्वी या भागात सगळीकडे होतं. मग मर रोग आला. हा रोग मातीतून येतो, झाड आतून तांबडं पडून वाळतं, आणि एकदा माती बिघडली की तिथे रसबाळे पुन्हा लावता येत नाही. बाईंची बाग त्यातून वाचलेली होती. गावातल्या दोन-तीन घरांनी त्यांच्याकडूनच मुनवे, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारी रोपं, नेऊन पुन्हा बागा धरल्या होत्या. रात्री कोणीतरी तेच मुनवे खणून नेले होते.

ठाणे अंमलदार फिर्याद लिहायला बसला आणि मला कन्नडमध्ये हळूच म्हणाला, "सार, आरोपी अज्ञात लिहू की माकड?"

बाईंनी ऐकलं. "माकडच लिहा. ओळख परेडला लांब जायला नको, तुम्हीच उभे राहा."

सगळं ठाणं हसलं. मग त्यांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि मराठीवर आल्या, फक्त 'अल्वा', म्हणजे 'हो ना', तेवढं कन्नड राहिलं. "तुम्ही आमचेच, अल्वा? म्हैसूरच्या अग्रहारातले?"

"हो. रंगाऱ्यांच्या घरातला."

"आम्ही फौजेतले. पणजोबा शिलेदार. मग नीट ऐका सार. नेलं त्याचं मला काही नाही. चोर परत येईल. येताना पायाला, कुदळीला कुठली माती लावून आणील, त्याची भीती आहे. एवढं थांबवा."

मी मान डोलावली. फिर्यादीत मात्र आम्ही काय गेलं तेच लिहिलं. काय येईल, यासाठी आमच्या कागदावर रकाना नसतो.

दुपारी महजर करायला गेलो. पंचनाम्याला आमच्याकडे महजर म्हणतात. बागेच्या फाटकाशी औषधाच्या पाण्याची उथळ टाकी होती आणि शेजारी चपलांची रांग. बाई म्हणाल्या, "बूट काढा, नाहीतर पाण्यात बुडवून या."

"ड्युटीवर आहे. बूट काढत नाही."

"देवळात काढता ना?"

"हे देऊळ आहे का?"

मी तसाच आत गेलो. माझ्याबरोबरच्या हेड कॉन्स्टेबलनं मात्र बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरला. त्यामुळेच त्याचं लक्ष जमिनीकडे गेलं असावं. खणलेल्या जागी पावलांचे ठसे होते, सगळे अनवाणी. ते मागच्या कुंपणापर्यंत गेले होते. कुंपणाबाहेर फणसाच्या झाडाखाली चपलांचे ठसे.

"सार," तो म्हणाला, "चोरानं चपला काढल्यात."

चोर चपला काढून आत येतो, म्हणजे तो या घरात वाढलेला आहे. मी बाईंकडे पाहिलं. त्या फणसाकडे पाहत होत्या. त्यांना आधीच कळलं होतं, असं मला आज वाटतं.

पुढचं काम खबऱ्यानं सोपं केलं. दुधाच्या गाडीवरचा माणूस. सोसले गावाच्या बाजूला एक मळा रोगानं कधीचा ओसाड पडला होता, तिथे नवी केळी उभी आहे म्हणाला. मळा बाईंच्या पुतण्याचा. वडील गेलेले, घर याच गावात, जमीन तिकडे. तिशी ओलांडलेला, बोलायला कमी.

त्याला आणलं. मी चहा सांगितला. पुष्कळांचा समज असतो की मारल्याशिवाय माणूस बोलत नाही. खरं तर माणूस कशासाठी तयार होऊन आलाय ते पाहायचं आणि दुसरंच विचारायचं. तो चोरीच्या उत्तरांची तयारी करून आला होता. मुनवे बाजारातून घेतले, काकीशी भांडण आहे, तिच्या बागेत कितीतरी दिवसांत पाऊल टाकलेलं नाही.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "त्या बागेत जायचं म्हणजे कटकट. मला तर काकींनी बूट काढायला लावले. चपला ठेवायला नीट जागासुद्धा नाही."

"आहे की. फणसाखाली सावली असते."

"सगळे तर फाटकाशी ठेवतात."

त्यानं चहाचा पेला खाली ठेवला.

"मागितले होते सार. दोनदा मागितले. देणार नाही म्हणाली. तुझ्या मातीत विष आहे, तिथे ते मरतील, म्हणाली. माझ्या मातीत म्हणजे माझ्या अप्पांच्याच मातीत ना? गावातल्या परक्यांना दिले. मला नाही."

"म्हणून चोरलेस."

"कुदळ धुऊन नेली होती. पाय धुऊन आत गेलो. तिच्या बागेला काही होऊ नये म्हणून." मग त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. "तुम्ही बुटानं गेलात म्हणे."

मी त्याच्या कानशिलात मारली. त्या केसमधली ती एकच.

महजर करून मुनवे उपटले. ते त्याच्या मळ्यातल्या मातीसकट आले, पोत्यात भरून. ठाण्याच्या मागच्या बाजूला ठेवले आणि मुद्देमालाचा क्रमांक टाकला. कोर्टानं फिर्यादीच्या ताब्यात द्यायचा हुकूम दिला. हमीपत्र नेहमीचंच: माल सुस्थितीत ठेवीन, मागाल तेव्हा हजर करीन.

बाई ठाण्यात आल्या तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आलेला ऐकला. "हे माझ्या बागेत नको, सार. इथेच जाळा."

"चोरीचा माल जाळता येत नाही, बाई."

"मग इथेच कुंडीत लावा. तुमच्या अंगणात लावा. ती माती बघा हो. त्या मातीतलं मला काही नको."

"सही करा आणि घेऊन जा. मेले तर हमी तुमच्यावर येईल. केस पडेल."

"केस पडू दे."

"तशी पडत नसते."

त्या बाहेर बाकावर बसल्या तेव्हा हेड कॉन्स्टेबल माझ्या टेबलाशी आला. "सार, नाशवंत माल आहे. फोटो काढू, नमुना ठेवू, नष्ट करायची परवानगी मागू. मिळते."

मिळते, हे मला माहीत होतं. आठवडाभराचं काम होतं. पण दुसऱ्या दिवशी वरिष्ठ येणार होते आणि वार्ताहरांना बोलावलं होतं. दुर्मीळ केळीचा छडा लागला, पोलिसांनी रोपं शेतकरी महिलेला परत दिली. माझी बढती अडलेली होती. जळालेल्या मुनव्यांचा फोटो कोण छापणार?

फोटो बागेतच काढला. मधोमध मी, हातात मुनवा. बाईंनी तो घ्यायला हात पुढे केले नाहीत तेव्हा मी हसत म्हणालो, "काकी, कॅमेऱ्याकडे बघा." वार्ताहरांसमोर मी त्यांना पहिल्यांदा काकी म्हटलं. मुनवे त्यांनी एका कोपऱ्यात लावले, बाकीच्या केळीपासून जमेल तितके दूर. भोवती चर खणला. पण बागेचं पाणी त्या कोपऱ्यावरूनच आत येऊन पुढे गावात उतरत होतं.

मला प्रशस्तिपत्र मिळालं. बढतीही मिळाली, बदली झाली. पुढच्या उन्हाळ्याआधी हेड कॉन्स्टेबलचा फोन आला. एवढंच म्हणाला, "सार, एकदा जाऊन या."

गेलो. खालची पानं पिवळी पडून बुंध्याभोवती लोंबत होती. कोपऱ्यातच नाही, सगळीकडे. बाईंनी एक बुंधा आडवा कापून दाखवला. आत तांबूस-तपकिरी वर्तुळं होती, आणि वास. त्या वर्गात शिकवल्यासारखं सांगत होत्या: हे इथून सुरू होतं, हे असं वर चढतं. पलीकडे पुतण्या वाळलेल्या केळी ओढून ढीग करत होता. बाईंनी तक्रार मागे घेतली होती. तो रोज येत होता म्हणे, कोणी बोलावलं नसताना.

मी माफी मागितली. मला ती नीट मागता आली नाही. मुद्दाम नाही केलं, वगैरे बोललो.

"मुद्दाम करणारा परवडला असता, सार. तो निदान ऐकून घेतो," त्या म्हणाल्या. "माफी राहू दे. एक काम करा. ज्यांनी माझे मुनवे नेले होते, त्यांच्याही बागा चालल्या. गाव म्हणतं, यानं आणला रोग. चोरानं आणला. याला कोणी बांधावर उभं करत नाही. लग्न ठरलेलं मोडलं. मी सांगते तर म्हणतात, तुमचा पुतण्या, तुम्ही झाकणारच. तुम्ही पारावर या. चार माणसांसमोर सांगा, मुनवे पोलिसांनी बागेत लावायला लावले. तुमचं ऐकतील."

पुतण्यानं काम थांबवलं होतं. तो ऐकत होता, पण आमच्याकडे पाहत नव्हता.

मी म्हणालो, "बघतो."

म्हैसूरला परतताना मी काय काय विचार केला ते आठवतं. चारचौघांत कबूल केलं तर खात्याची चौकशी. हमीपत्राचे कागद निघतील, हेड कॉन्स्टेबलची साक्ष होईल. निवृत्ती जवळ नव्हती. एखाद्या रविवारी साध्या कपड्यांत जाऊ, असं ठरवलं. असे रविवार पुष्कळ आले.

पुतण्या गाव सोडून गेला, हे मला नंतर कळलं. कुठे, ते विचारायचं धाडस झालं नाही. बाईंनी बागेच्या जागी नाचणी केली. त्या मला कुठल्याशा लग्नात भेटल्या, आमच्याच लोकांच्या. नमस्कार केला, जेवलात का विचारलं. पारावर का आला नाहीत, ते विचारलं नाही. पुढे मी मुदतीआधीच नोकरी सोडली. लोक कारण विचारतात तेव्हा मी पाठदुखी सांगतो.

या केसनं काय शिकवलं, असं अशा लिखाणाच्या शेवटी सांगायची पद्धत आहे. मला एवढंच कळलं की फिर्यादी काय मागतो ते आम्ही ऐकतच नाही. आमच्याकडे द्यायला जे असतं तेच त्याच्या हातात ठेवतो आणि सही घेतो. त्या बाईंनी मला एकच काम सांगितलं होतं, बागेत ती माती येऊ देऊ नका. चोरानं ते पाळलं. मुद्देमालाच्या यादीत आजही लिहिलेलं असेल, माल सुस्थितीत परत.

तर लिहून ठेवतो. त्या गावात रोग पुतण्यानं आणला नाही. मी आणला, वर्दीत, हुकुमाच्या जोरावर, दुसरा मार्ग माहीत असताना.

हे मी मराठीत लिहितो आहे. त्या गावात मराठी वाचणारं घर एकच, बाईंचं, आणि त्यांना हे आधीपासून ठाऊक आहे. बाकीचं गाव कन्नड वाचतं. फिर्यादी, जबाब, महजर, मी जन्मभर कन्नडमध्येच लिहिले. हे तेवढं मराठीत लिहिलं.